नंबर कधी लागणार? चांदा-गडचिरोलीच्या वाटांवरून पाहिलेला दुचाकीच्या प्रतीक्षेचा इतिहास

१/
एखाद्या कंपनीची नवी मोटारसायकल बाजारात येण्याच्या कितीतरी आधी आज तिची चर्चा सुरू होते. इंजिन केवढे असेल, टाकी किती लिटरची असेल, गेल्या वर्षीची उणीव या वर्षी दूर होईल का, यावर तरुण तावातावाने वाद घालतात. परंतु आपल्याकडे जवळजवळ पंचवीस वर्षे असा काळ होता, की पुढचे मॉडेल कसे असेल हा प्रश्न फारसा कुणी विचारीतच नसे. प्रश्न एकच असे : आपला नंबर कधी लागणार? आजचा धागा त्या प्रतीक्षेविषयी. #इतिहास #धागा

२/
हा इतिहास सहसा पुण्या-मुंबईच्या नजरेतून सांगितला जातो. आपण तो राज्याच्या पूर्व टोकावरून, चंद्रपूर आणि गडचिरोली या वनजिल्ह्यांतून पाहू. याला कारण आहे. जिथे गावे दूरदूर विखुरलेली, एसटीच्या फेऱ्या मोजक्या आणि रेल्वे नावापुरती, तिथे दुचाकी ही चैन नसते. तिच्यावर शाळेतील शिक्षकाची हजेरी अवलंबून असते आणि रुग्णाचे दवाखान्यात पोहोचणेही.

३/
आधी भूगोल ध्यानात घेऊ. गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी झाला. तोवर हा सारा प्रदेश एकाच चंद्रपूर, म्हणजे जुन्या चांदा जिल्ह्यात होता. सिरोंच्याच्या माणसाला जिल्हा कचेरीतील कामासाठी सुमारे दोनशे किलोमीटरची वाट तुडवावी लागे. आजच्या गडचिरोली जिल्ह्याचे क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर आहे आणि त्याचा बहुतांश भाग वनाच्छादित आहे. एवढ्या मोठ्या जिल्ह्यात रेल्वेचे स्थानक दीर्घकाळ एकच होते, ते उत्तर टोकाला, वडसा येथे.

४/
पावसाळ्याची गोष्ट आणखी निराळी. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, हे आजही अधूनमधून वर्तमानपत्रांत वाचावयास मिळते. १९७३ साली बाबा आमटे यांनी हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, तेव्हा पावसाळ्यात तिथला बाह्य जगाशी संबंध महिनोन्महिने जवळपास संपत असे. अशा मुलखात वाहनाकडून असलेली अपेक्षा शहरी अपेक्षेहून वेगळी असणार, हे उघड आहे.

५/
आता क्षणभर जगाकडे पाहू. 'या वर्षीचे मॉडेल' ही कल्पना तशी जुनी नाही. फोर्डची 'मॉडेल टी' ही मोटार १९०८ पासून १९२७ पर्यंत मूळ स्वरूपात फारसा बदल न होता विकली गेली. १९२०च्या दशकात जनरल मोटर्सचे प्रमुख आल्फ्रेड स्लोन यांनी दरवर्षी मोटारीच्या रूपात बदल करण्याचे धोरण रुजविले. ग्राहकाला जुनी गाडी असूनही नवी घ्यावीशी वाटावी, हा त्यामागील व्यापारी हेतू होता.

६/
ही रीत पुढे किती दूर गेली पाहा. कॅनडात बोंबार्डियर कंपनीने १९५९ साली 'स्की-डू' नावाची बर्फावर धावणारी लहान गाडी विक्रीस आणली. उत्तर अमेरिकेच्या हिमप्रदेशात अशा स्नोमोबाइलचे चालक आजही हिवाळा सरता सरता पुढील हंगामाच्या मॉडेलची वाट पाहतात. गाडी हलकी हवी, इंजिन अधिक दमदार हवे, अशा मागण्या करतात आणि वसंत ऋतूतच आगाऊ नोंदणी करतात. त्यांचे म्हणणे कंपन्यांना ऐकावे लागते. कारण एकीने ऐकले नाही, तर ग्राहक दुसरीकडे जातो.

७/
नेमकी हीच शक्यता आपल्याकडे नव्हती. स्वातंत्र्यानंतर देशाजवळ भांडवल अपुरे आणि परकीय चलन त्याहून अपुरे होते. उपलब्ध साधने आधी पोलाद, वीज, धरणे, यंत्रसामग्री यांकडे वळवावीत, असा नियोजनाचा विचार होता. १९५१च्या उद्योग (विकास व नियमन) कायद्याने कारखाना काढण्यास आणि वाढविण्यास सरकारी परवाना आवश्यक ठरला. कोणत्या कंपनीने वर्षाला किती स्कूटर बनवाव्यात, याचा आकडाही परवान्यातच लिहिलेला असे.

८/
महाराष्ट्रातील कथा बजाज कंपनीपासून सुरू होते. १९४५ साली 'बछराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन' या नावाने स्थापन झालेली ही संस्था १९४८ पासून परदेशी दुचाकी आणि तीनचाकी आयात करून विकत असे. १९५९ साली तिला उत्पादनाचा परवाना मिळाला. इटलीच्या पियाजिओ कंपनीशी तांत्रिक करार झाला आणि १९६०च्या दशकाच्या आरंभी पुण्याजवळ आकुर्डीच्या परिसरात व्हेस्पा स्कूटर तयार होऊ लागली.

९/
व्हेस्पा मुळात युद्धोत्तर इटलीचे अपत्य. विमानांचे अभियंता असलेल्या कोर्राडिनो दास्कानिओ यांनी तिची रचना केली आणि १९४६ साली ती बाजारात आली. पत्र्याचे बंदिस्त अंग, पुढे पाय ठेवण्यास सपाट जागा, मागच्या चाकालगत इंजिन आणि लहान चाके. कपड्यांना तेल लागू नये, साडी किंवा धोतर नेसणाऱ्यालाही बसता यावे, या दृष्टीने ती भारतीय कुटुंबाला फार सोयीची ठरली.

१०/
मागणी वाढली, पुरवठा मात्र परवान्यातील आकड्याला बांधलेला राहिला. १९६० साली केंद्र सरकारने स्कूटरच्या वितरणावर आणि विक्रीवर नियंत्रण आणणारा आदेश काढला. विक्रेत्याकडे नाव नोंदवायचे, अनामत ठेवायची, क्रमांक घ्यायचा आणि थांबायचे, अशी रीत पडली. सरकारी कर्मचाऱ्यांसाठी काही वाटा राखीव असे. परदेशातील नातेवाइकाने परकीय चलन पाठविले, तर रांग टाळून स्कूटर मिळे.

११/
ही प्रतीक्षा किती वर्षांची? लोकप्रिय मॉडेलसाठी आठ-दहा वर्षे थांबलेली माणसे त्या पिढीत सहज भेटत. त्यामुळे बाजारात एक विलक्षण गोष्ट घडे. वापरलेली स्कूटर कोऱ्या स्कूटरच्या अधिकृत किमतीहून महाग विकली जाई, कारण ती आज मिळत होती. नोंदणीच्या क्रमांकालाच मोल आले. लग्नाच्या बोलण्यांतही 'मुलाचा नंबर लागला आहे' हे वाक्य नोकरीच्या जोडीने उच्चारले जाऊ लागले.

१२/
चंद्रपूर जिल्ह्यात ही रांग कुणाची होती? बल्लारपूरची कागद गिरणी, कोळशाच्या खाणी, भद्रावतीचा आयुध निर्माणी कारखाना, पुढे सिमेंटचे कारखाने आणि १९८०च्या दशकात उभे राहिलेले महाऔष्णिक वीज केंद्र यांमुळे येथे पगारदार वर्ग वाढत गेला. शिक्षक, तलाठी, वनरक्षक, कंपाउंडर, बँकेतील कारकून हे त्याला जोडलेले. ज्याला महिन्याला निश्चित पगार, त्यालाच अनामत ठेवून दहा वर्षे थांबणे परवडे.

१३/
याचा दुसरा अर्थ अधिक महत्त्वाचा आहे. मोहफुले, तेंदूपाने आणि बांबूच्या कामावर जगणारा माडिया किंवा गोंड शेतकरी या रांगेत उभाच नव्हता. त्याचे उत्पन्न हंगामी, मजुरीचे. त्याच्यासाठी सायकल हेच वाहन आणि पुष्कळदा पाय हेच साधन. म्हणून 'सगळा देश स्कूटरची वाट पाहत होता' असे जेव्हा लिहिले जाते, तेव्हा त्या 'सगळ्यां'मध्ये कोण नव्हते, हेही विचारले पाहिजे.

१४/
१९७१ साली पियाजिओशी असलेला करार संपला. १९७२ पासून त्याच धाटणीची स्कूटर 'चेतक' या नावाने येऊ लागली. नाव महाराणा प्रतापांच्या घोड्याचे. मागोमाग १९७६ साली 'बजाज सुपर' आली. साताऱ्यात महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी १९७५ साली राज्याच्या पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळाच्या भागीदारीने उभी राहिली आणि तिची 'प्रिया' रस्त्यांवर दिसू लागली. नावे तीन झाली, पण तिघींचे घराणे एकच.

१५/
आता या गाड्या जंगलातील वाटेवर कशा चालत? चेतकची चाके दहा इंची, प्रिया आणि सुपरची आठ इंची. डांबरी रस्त्यावर ती उत्तम. मुरमाच्या, खडीच्या, बैलगाडीच्या चाकोऱ्या पडलेल्या वाटेवर मात्र लहान चाक प्रत्येक खड्ड्यात उतरते. इंजिन मागे उजव्या बाजूला असल्याने तोलही तिकडे झुकलेला. चिखलात हे सारे चालकाच्या मनगटाला जाणवे. म्हणून आडवाटेचे काम असणारे पुष्कळजण मोठ्या चाकांच्या, साध्या बांध्याच्या 'राजदूत' मोटारसायकलीकडे वळत.

१६/
राजदूतची कथाही परदेशी मुळाची. एस्कॉर्ट्स कंपनीने पोलंडमधील एका मोटारसायकलीच्या आराखड्यावरून १९६०च्या दशकाच्या आरंभी ती बनविण्यास प्रारंभ केला. १७५ सीसीचे टू-स्ट्रोक इंजिन, दुरुस्तीस सोपे. दुसऱ्या टोकाला पुण्याच्या किनेटिक इंजिनिअरिंगची ५० सीसीची 'लूना' १९७२ साली आली. तिला पॅडल होते. पेट्रोल संपले तर सायकलीसारखी हाकीत घरी जाता येई. पेट्रोलपंप तुरळक असलेल्या मुलखात हा गुण हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता.

१७/
ग्राहकाच्या अपेक्षांचे मात्र काय झाले? त्या ऐकण्याची कुणाला निकड नव्हती. चेतकचे बाह्यरूप वर्षानुवर्षे जवळजवळ तेच राहिले. गाडी बदलत नव्हती म्हणून माणसांनी स्वतःला बदलले. सकाळी सुरू न झालेली स्कूटर एका अंगावर कलती करून मग किक मारण्याची युक्ती घरोघरी ठाऊक होती. पेट्रोलमध्ये ऑइल किती मिसळावे, प्लग कसा पुसावा, तुटलेल्या केबलची तात्पुरती सोय कशी करावी, हे चालविण्याच्या शिक्षणाचाच भाग होते.

१८/
याचा सारा दोष कंपनीच्या माथी मारणे सोपे, पण ते इतिहासाला धरून होणार नाही. मंजूर क्षमतेहून अधिक उत्पादन करण्यास मोकळीक नव्हती. १९६९च्या मक्तेदारीविरोधी कायद्याने मोठ्या उद्योगसमूहांच्या विस्तारावर आणखी एक चाळणी बसविली. राहुल बजाज हे परवाना पद्धतीचे जाहीर टीकाकार होते. दुसरीकडे, याच पद्धतीमुळे स्पर्धक दूर राहिले आणि तयार झालेली प्रत्येक स्कूटर आधीच विकली गेलेली असे, हेही खरे. एकाच नियमाने कंपनीला बांधले आणि तिचे रक्षणही केले.

१९/
बांध फुटला तो १९८०च्या दशकात. दुचाकी उद्योगात जपानी कंपन्यांशी भागीदारीस वाट मिळाली. १९८४ साली इंड-सुझुकी, १९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० आणि यामाहाची आरएक्स १००, त्याच सुमारास बटण दाबून सुरू होणारी, गिअर नसलेली किनेटिक होंडा. कानपूरच्या एलएमएलने पियाजिओशीच हातमिळवणी करून व्हेस्पा पुन्हा आणली. अवघ्या दोन-तीन वर्षांत ग्राहकासमोर इतकी नावे उभी राहिली, जितकी मागील दोन दशकांत राहिली नव्हती.

२०/
बजाजचे उत्तरही तत्काळ आले. १९८५ साली औरंगाबादजवळ वाळूजचा कारखाना सुरू झाला. १९८६ साली कावासाकीच्या साहाय्याने केबी १०० मोटारसायकल आणि त्याच वर्षी 'एम-८०' आली. एम-८० दिसायला साधी, धड स्कूटर नव्हे आणि धड मोटारसायकलही नव्हे. परंतु दुधाचे कॅन, भाजीच्या पाट्या, कापडाचे गठ्ठे, किराणा असे काय काय तिने वाहिले! आठवडी बाजार फिरणाऱ्या विक्रेत्यांचे ते वाहन झाले. पगारदार रांगेच्या बाहेरचा माणूस प्रथमच ग्राहक म्हणून दिसू लागला होता.

२१/
येथे प्रश्नाचे स्वरूपच पालटले. 'कधी मिळेल?' याच्या जागी 'कोणती घ्यावी?' हा प्रश्न आला. लोक एका लिटरमध्ये किती किलोमीटर जाते याची विचारणा करू लागले. फोर-स्ट्रोक इंजिनाला पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावे लागत नाही आणि ते पेट्रोलही कमी पिते. जिथे पंप दूर आणि गावच्या दुकानात बाटलीतून विकले जाणारे पेट्रोल महाग, तिथे हा हिशेब निर्णायक ठरला. १९९१ साली बजाजनेही फोर-स्ट्रोक मोटारसायकल आणली.

२२/
त्याच वर्षीच्या जुलैमध्ये नव्या औद्योगिक धोरणाने बहुतेक उद्योगांचा परवाना रद्द केला. रांगेचा इतिहास तिथे संपला. दशक सरता सरता आणखी एक गोष्ट घडली, जिची कल्पना १९७५ साली कुणी केली नसती. लोकांनी स्कूटरकडे पाठ फिरविली आणि मोटारसायकलची विक्री पुढे गेली. मोठे चाक, कमी पेट्रोल, खराब रस्त्यावर भक्कम चाल, म्हणजे आडवाटेच्या चालकाची जुनीच मागणी. फरक इतकाच, की आता ती पुरविणारे अनेकजण होते. २००९ साली बजाजने स्कूटर व्यवसायातूनच बाहेर पडण्याचा निर्णय जाहीर केला.

२३/
या साऱ्यातून काय दिसते? अपेक्षा दोन्ही काळांत होत्या. चांद्याच्या तलाठ्याला १९७५ सालीही मोठे चाक आणि कमी खर्च हवाच होता. अपेक्षेला वजन मात्र तेव्हाच आले, जेव्हा 'तुमची नको, दुसऱ्याची घेतो' असे म्हणण्याची मुभा त्याला मिळाली. रांगेतील माणूस कितीही दीर्घकाळ थांबला, तरी त्याचे मत कारखान्यापर्यंत पोहोचत नाही. तिथे फक्त त्याचा क्रमांक पोहोचतो.

२४/
पण बाजार आला म्हणून सारे सुटले, असेही नाही. कंपनी गाडी देऊ शकते, पूल देऊ शकत नाही. एटापल्ली, भामरागड, सिरोंचा या तालुक्यांत मोटारसायकल पोहोचली, तरी नाल्यावर पाणी आले की ती अलीकडच्या काठावर उभी राहते. रुग्णाला खाटेवर घालून नदीपार नेल्याच्या बातम्या मोटारसायकलींच्या या युगातही येतात. 'कधी' आणि 'कोणती' यांच्यापलीकडचा तिसरा प्रश्न या मुलखाने सतत विचारला आहे : कुठवर जाईल?

२५/
जानेवारी २०२० मध्ये 'चेतक' हे नाव विजेवर चालणाऱ्या स्कूटरच्या रूपाने परतले. आरंभीची विक्री पुणे आणि बंगळुरू या शहरांत होती. एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा सुरू केलेली नोंदणी अवघ्या ४८ तासांत थांबवावी लागली. जुन्या पिढीला त्यात ओळखीचे काही दिसले असेल. विजेच्या दुचाकीच्या पुढील मॉडेलकडून तरुणांच्या अपेक्षा आज पुन्हा मांडल्या जात आहेत. एका चार्जिंगमध्ये अधिक अंतर, लवकर चार्जिंग, कमी किंमत. आलापल्लीच्या पुढे राहणाऱ्या तरुणाच्या यादीत आणखी एक ओळ असेल : पावसाळ्यात चार-चार दिवस वीज गेल्यावर काय?

२६/
पुढच्या मॉडेलच्या चर्चेत ही ओळ येते की नाही, यावर ते मॉडेल कुणासाठी बनते आहे, हे ओळखता येईल. इतिहास आपल्याला एवढे निश्चित सांगतो, की ज्याचा आवाज मोजला जात नाही, त्याच्या रस्त्याला साजेसे चाक उशिरा बनते.

मित्रहो, आपल्या घरी आजोबांच्या पेटीत स्कूटर-नोंदणीची पावती, विक्रेत्याचे पत्र किंवा जुने आरसी बुक असेल, तर ते जपून ठेवा. त्यावरील दोन तारखा पाहा, नोंदणीची आणि प्रत्यक्ष गाडी मिळाल्याची. त्या दोहोंमधील अंतर हा आपल्या आर्थिक इतिहासाचा अस्सल दस्तऐवज आहे. आपल्या घरचे ते अंतर किती वर्षांचे होते, हे या धाग्याखाली अवश्य लिहा.

(धागा समाप्त)